हरिपाठाचा वर्ग, मोबाइल आणि शिक्षकाचे स्वतःचे शिकणे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

धर्मशिक्षणाच्या वर्गात मोबाइल, टीव्ही आणि इंटरनेट यांचा वापर कसा करावा, याविषयी मागील अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. गेली तेवीस वर्षे मी गावातील विठ्ठलमंदिरात दर शनिवारी हरिपाठाचा वर्ग घेते आणि अलीकडे नव्याने वर्ग सुरू करणाऱ्या शिक्षकांबरोबरही बसते. उत्तरे त्या अनुभवातून आली आहेत. वसईच्या ख्रिस्ती धर्मशिक्षण वर्गाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यापूर्वी मात्र तेथील दोन ज्येष्ठ धर्मशिक्षिकांशी बोलून घेतले.

प्रश्न : आमच्या देवळातील बालसंस्कार वर्गाला एका दात्याने मोठा टीव्ही दिला आहे. त्यावर हरिपाठाची चित्रफीत लावली की मुले शांत बसतात, परंतु दोन महिने झाले तरी एकही अभंग पाठ झालेला नाही. आमचे कोठे चुकते? (शिक्षक, बार्शी तालुका)

उत्तर : आपल्यासारखाच अनुभव मला आला होता. ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ हा अभंग मी सलग दोन शनिवार पडद्यावर लावला. गायन उत्तम होते, खाली अक्षरे सरकत होती आणि मुलेही बरोबरीने म्हणत होती. तिसऱ्या शनिवारी वीज गेली. तेव्हा सव्वीस मुलांपैकी चौघांनाच दुसरा चरण आधाराशिवाय म्हणता आला. दोन आठवडे ती मुले अभंग म्हणत नव्हती, पडद्यावरून वाचत होती, आणि तो फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

हरिपाठ ही कानाने घ्यायची आणि तोंडाने परत द्यायची विद्या आहे. समोर अक्षरे दिसू लागली की कान सैल पडतो, कारण पुढचा शब्द आठवण्याची गरजच उरत नाही. म्हणून मी क्रम बदलला. पहिल्या शनिवारी पडदा बंद असतो. मी एक चरण म्हणते, मुले म्हणतात, मग अर्धा वर्ग म्हणतो आणि अर्धा ऐकतो, मग दोघे-दोघे म्हणतात. दुसऱ्या शनिवारी पाठ झालेला तोच अभंग मी अक्षरांत दाखवते. तोंडातला शब्द फळ्यावर किंवा पडद्यावर ओळखू आला की मुलांचे चेहरे खुलतात. ‘बाई, ‘द्वारीं’वर टिंब आहे, पण आपण तर ते म्हणत नाही,’ असे एखादे मूल अशा वेळी बोलते, आणि जुन्या मराठीतल्या सप्तमीची ओळख करून देण्याची संधी आयती मिळते. अर्थाची चर्चा तिसऱ्या आठवड्यात होते. चांगल्या गायकाची ध्वनिफीत मी त्यानंतर ऐकवते. स्वतःच्या मुखात बसलेला अभंग दुसऱ्याच्या गळ्यातून येताना मुले फार बारकाईने ऐकतात.

असे असले तरी दात्याने दिलेला टीव्ही बंद ठेवावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. जे वर्गात आणता येत नाही ते त्यावर दाखवावे. नेवाशाचा पैस खांब दाखवावा, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली अशी परंपरा आहे. जुन्या हस्तलिखित पोथीचे एक पान मोठे करून दाखवावे आणि शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली ती ओळ मुलांना फोडायला सांगावी. माझ्या वर्गात एका ओळीवर अर्धा तास गेला होता आणि कोणीही जागचे हलले नव्हते. आळंदीहून निघणारी पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असा मुक्काम करत वाखरीला कशी पोहोचते, हे नकाशावर बोट फिरवून दाखवावे.

संतांच्या जीवनावरील कार्टूनपटांच्या बाबतीत मात्र मी सावध असते. चालत्या भिंतीची कथा मी तोंडी सांगितली, तेव्हा मुलांनी काढलेल्या चित्रांत कोणाची भिंत शेणाने सारवलेली होती, कोणाची दगडी, तर एकीने स्वतःच्या घरामागची पडकी भिंत काढली होती. पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीला मी तीच कथा कार्टूनमधून दाखवली आणि सर्वांच्या वह्यांत एकाच रंगाची, एकाच आकाराची भिंत उमटली. त्यानंतर कथा मी तोंडीच सांगते.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तुका म्हणे’ असा शेवट असलेले अनेक अभंग येतात. आता तर मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपला विचारून अभंग आणि अर्थ लिहून आणतात. खरे कोणते हे कसे ओळखावे? (शिक्षिका, परभणी)

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या बाबतीत माझ्या हातून चूक झालेली आहे. मोबाइलवर आलेला एक अभंग आवडला म्हणून मी तो वर्गात शिकवला. पुढच्या शनिवारी सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, आजोबांना हा गाथ्यात सापडला नाही. कितवा आहे?’ मी घरी येऊन गाथा चाळली. तो अभंग कोठेही नव्हता. नंतरच्या शनिवारी मी वर्गासमोर ते सांगितले आणि वहीतला तो अभंग सर्वांना खोडायला लावला.

शुद्ध पाठाची काळजी ही आपल्या परंपरेत नवी गोष्ट नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढे नकलांमागून नकला होताना पाठ बिघडत गेले, तेव्हा एकनाथांनी उपलब्ध प्रती ताडून पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत तयार केली. आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असेही बजावले, कारण तसे करणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे होय. नक्कल करणाऱ्याच्या हातून होणारी चूक निदान एका प्रतीपुरती असे. आज एक बनावट अभंग एका दुपारी हजारो घरांत पोहोचतो, म्हणून शिक्षकाने नाथांचे हे काम आपल्या वर्गापुरते तरी रोज केले पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने शब्दांमागून संभाव्य शब्द जुळवत जातात. त्यांना ‘विठ्ठलावर तुकोबांचा अभंग द्या’ असे सांगितले, तर आठवणीत नसलेला अभंग ती रचूनही देतात, आणि ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा तर हमखास घालतात. असा अभंग ओळखण्याची पहिली चाचणी मुले स्वतः करू शकतात. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. ‘सुंदर तें ध्यान’ सहा, ‘उभें विटेवरी’ सहा, ‘कर कटावरी’ सहा, ‘ठेवोनियां’ चार. माझ्या वर्गातील चौथीची मुलेसुद्धा हे बोटांवर मोजतात, आणि मोबाइलवरचे कित्येक ‘अभंग’ या पहिल्याच मोजणीत गळतात. मोजणी बरोबर आली म्हणून अभंग खरा ठरत नाही, आणि गाथेतल्या एखाद्या अभंगात अक्षर कमी-अधिक भरते म्हणून तो खोटाही ठरत नाही. तेव्हा निर्णय छापील गाथेवरच करावा. महाराष्ट्र शासनाने पुढे पुन्हा प्रसिद्ध केलेली, मूळची १९५० सालची गाथा किंवा वारकऱ्यांच्या फडावर मान्य असलेली एखादी प्रत वर्गात ठेवावी, मागील अकारविल्हे (वर्णक्रमाने लावलेल्या) सूचीत पहिला चरण शोधावा, आणि अभंगाचा क्रमांक व प्रत यांची नोंद मुलांना वहीत करायला लावावी. क्रमांक नसलेला अभंग वर्गात शिकवायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

अर्थाच्या बाबतीत ॲपचे उत्तर मी वर्गात मोठ्याने वाचून घेते आणि ‘यातला कोणता शब्द अभंगात नाही?’ असे विचारते. मुले फार नेमके बोट ठेवतात.

प्रश्न : मी आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात शिकवते. वर्षातून एकदा शिबिर होते, त्यात चित्रफिती दाखवतात, नवी ॲप शिकवतात. परंतु माझे शिकवणे मात्र दहा वर्षांपूर्वी होते तसेच आहे असे मला वाटते. मी काय करावे? (धर्मशिक्षिका, वसई)

उत्तर : ताई, नवे माध्यम धर्मशिक्षणात आणण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आणि मोठी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. छपाई त्या काळी येथे नवी होती, आणि मराठीसाठी देवनागरी खिळे हाताशी नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. तरीही तो लोकांच्या मुखी गेला, याचे कारण यंत्राच्या आधी स्टीफन्स यांनी श्रोत्यांचा कान ओळखला होता. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या माणसांना त्यांनी बायबलमधील कथा ओवीत दिली, आणि तीही सुमारे अकरा हजार ओव्यांत. आपण समोरच्या मुलांचा कान किती ओळखतो, हे तपासण्यासाठी आपल्या हातातला मोबाइल फार उपयोगी आहे.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू करताना मोबाइल टेबलावर उलटा ठेवा आणि केवळ आवाज टिपून घ्या. तो कोणाला पाठवायचा नाही. घरी निवांत बसून दहाच मिनिटे ऐका आणि कागदावर दोन रकाने करा : मी बोलले ते आणि मुले बोलली ते. मी पहिल्यांदा असे केले, तेव्हा दहा मिनिटांत मुलांच्या वाट्याला एक मिनिटही आलेले नव्हते, आणि त्यातही बहुतेक ‘हो बाई’ होते. मग आपण विचारलेले प्रश्न ऐका. प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबलो, हे घड्याळावर मोजा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. हे थांबणे तीन सेकंदांवर नेले की मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बोधकथा, सांगून ‘थोरल्या भावाला काय वाटले असेल?’ असे विचारल्यावर तीन सेकंद गप्प राहणे किती अवघड असते, ते आपण करून पाहा. धर्मशिक्षणात ही शांतता इतर कोणत्याही विषयाहून अधिक लागते, कारण तेथे मूल पाठ केलेले उत्तर बाजूला ठेवून स्वतःच्या मनात पाहत असते.

महिनाभर एकटीने ऐकल्यावर आपल्यासारख्याच दोन शिक्षिकांना बरोबर घ्या. प्रत्येकीने आपल्या वर्गातली पाच मिनिटे निवडावी, तिघींनी एकत्र बसून ती ऐकावी, आणि ‘चांगले झाले’ किंवा ‘चुकले’ न म्हणता काय ऐकू आले तेवढेच सांगावे. आमच्याकडे पाच वर्गांच्या शिक्षकांनी दोन वर्षे असे केले. सुरुवातीला स्वतःचा आवाज ऐकणेच अनेकांना नकोसे झाले होते. आज त्यांतील एक काका, जे पूर्वी तासभर एकटे बोलत, दाखला अर्ध्यावर थांबवून मुलांना पुढचे सांगायला लावतात. वार्षिक शिबिरात हे घडणे कठीण असते, कारण तेथे शिक्षक दुसऱ्याचा आवाज ऐकतो. पडदा आणि ध्वनिमुद्रण यांचा पहिला लाभ शिक्षकाने स्वतःसाठी घ्यावा, मुलांची पाळी त्यानंतर यावी, असे मी सर्वच नव्या शिक्षकांना आग्रहाने सांगते.

प्रश्न : आम्ही येथील मराठी मुलांसाठी झूमवर हरिपाठाचा वर्ग घेतो. सर्वांनी एकत्र म्हणायचे ठरवले की गोंधळ होतो, आणि टाळ वाजवला तर ऐकूच जात नाही. (स्वयंसेवक शिक्षक, न्यू जर्सी)

उत्तर : आवाज इंटरनेटवरून पोहोचायला प्रत्येक घरी वेगवेगळा वेळ लागतो. तो सेकंदाचा लहानसा अंश असला तरी ताल मोडायला पुरेसा असतो, त्यामुळे झूमवर एकत्र गायन जमत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. शिक्षकाने एक चरण म्हणावा आणि सर्व मुलांनी आपापला माइक बंद ठेवून आपापल्या घरी मोठ्याने म्हणावे. मग एकेका मुलाने माइक उघडून तोच चरण म्हणावा. शक्य असेल तेथे आजी-आजोबांना मुलाशेजारी बसवावे, म्हणजे त्या घरात तरी दोन आवाज मिसळतील.

टाळाचे कारण वेगळे आहे. असे ॲप माणसाचा आवाज राखून बाकी सगळे आवाज गोंगाट समजून कापून टाकते. झूमच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय चालू केल्यास टाळ आणि पेटी पुष्कळ स्पष्ट ऐकू येतील. आणि वर्षातून तीन-चार वेळा तरी, कोणाच्या घरी का होईना, सर्वांना प्रत्यक्ष जमवा. एका सुरात म्हणताना अंगावर येणारा काटा मुलांना एकदा तरी अनुभवू द्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आषाढीच्या सुमारास वर्गातील स्मार्ट टीव्हीवर हरिपाठ लावून मुलांकडून म्हणून घ्यावा, असे काही पालक सुचवतात. हे योग्य आहे का? (प्राथमिक शिक्षक, जालना जिल्हा)

उत्तर : संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार, पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतही विद्यार्थ्याला अशा शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावायचे असेल, तर तो अल्पवयीन असल्यास पालकांची संमती लागते. त्यामुळे आपल्या शाळेत उपासना म्हणून हरिपाठ करून घेऊ नये. मी स्वतः हरिपाठ शिकवते आणि तरीही हे ठामपणे लिहिते, कारण आपल्या वर्गात वेगवेगळ्या घरांतील मुले आहेत आणि शाळेत यायचे की नाही, हे त्यांना ठरवता येत नाही.

मात्र संतांचे काव्य मराठीच्या पाठ्यपुस्तकात आहे आणि ते काव्य म्हणून जरूर शिकवावे. धर्मांविषयी माहिती देणे आणि धर्माची शिकवण देणे या भिन्न गोष्टी आहेत, हा भेद २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय अभ्यासक्रमाविषयीच्या निकालात मान्य केला आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक ऑनलाइन मंचावरचे साहित्य उघडता येते. ते दाखवून अभंगाचा छंद, शब्द आणि काळ यांवर बोलावे. दिंडीला जाणाऱ्या मुलाला त्याचा अनुभव सांगू द्यावा, आणि मोहरमची किंवा नाताळची तयारी पाहिलेल्या मुलालाही तसेच बोलू द्यावे. हरिपाठ म्हणण्यासाठी संध्याकाळचे देऊळ आहे.

प्रश्न : वर्गाच्या चित्रफिती यूट्यूबवर टाकाव्यात का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मुलांचे चेहरे दिसत असतील तर टाकू नयेत, असे माझे मत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. शिवाय आज हौसेने म्हटलेला अभंग पुढे कॉलेजात कोणी दाखवलेला त्या मुलाला आवडेलच असे नाही. गायनाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी : संतांच्या शब्दांवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही, परंतु ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो, आणि अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल व विद्वानाने लिहिलेली टीका, म्हणजे अर्थविवरण, यांवरही असतो. परंपरेने आलेल्या चालीत मुलांनीच म्हटलेला अभंग यातून मोकळा असतो.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला दिसत नाही. तिला हरिपाठ शिकायचा आहे. मोबाइलवर पुस्तके आहेत, पण मोबाइल ती वाचून दाखवत नाही. (एक वडील, सातारा)

उत्तर : बंधू, आपल्या पत्राने मला फार आनंद झाला. मोबाइल ती पुस्तके वाचत नाही याचे कारण बहुधा असे असेल की ती पानांची छायाचित्रे आहेत, किंवा पूर्वी छपाईत वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. डोळ्यांना ती मराठी दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने तेथे मराठी अक्षरे नसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला मराठी अक्षरे ओळखता येतील अशा पद्धतीत, टंकलेला मजकूर मिळाला तर अँड्रॉइड मोबाइलमधील ‘टॉकबॅक’ किंवा संगणकावरील ‘एनव्हीडीए’ हे मोफत सॉफ्टवेअर तो वाचू शकेल.

तरीही हरिपाठ तिने यंत्राच्या आवाजातून शिकू नये. जुन्या मराठीतील जे टिंब आपण उच्चारत नाही ते यंत्र नाकात उच्चारते, चरण कोठे संपतो हे त्याला कळत नाही, आणि ‘देवाचिये द्वारीं’ ऐकताना भलताच शब्द कानात बसतो. एकदा बसलेला उच्चार काढणे कठीण असते.

ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग आहेत. आपल्या गावातील एखाद्या माळकऱ्याला विनंती करा, किंवा आपल्याला येत असेल तर आपणच मोबाइलवर एकेक अभंग म्हणून ठेवा. प्रत्येक अभंगाची फाइल वेगळी करा आणि तिला ०१, ०२, ०३ असे नाव द्या, म्हणजे टॉकबॅक क्रमांक उच्चारेल आणि तिला हवा तो अभंग कोणाच्या मदतीशिवाय उघडता येईल. प्रत्येक चरणानंतर तिला म्हणता येईल एवढी जागा रिकामी सोडा. ब्रेल येत असेल तर पाठ झालेला अभंग तिने स्वतःच्या हाताने टोचून लिहावा. आणि जवळपास शनिवारचा वर्ग असेल तर तिला तेथे जरूर पाठवा. माझ्या वर्गात तिचे स्वागतच आहे. पडदा आम्ही पहिल्या शनिवारी बंदच ठेवतो.